खंडूचे वतन

हॅरो, लंडन
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. वाड्यातील चिंचेची फांदी, विहिरीचा दावा आणि वहिनींची गुडघेदुखी या तीन कलमांना मिळून जेवढी जागा आपण दिलीत, तिच्या दुप्पट जागा आमच्या खंडू कुत्र्याने झेंडूच्या वाफ्याची जी नासधूस चालविली आहे तिच्या बंदोबस्ताला दिलीत. तेव्हा आपले प्रेम आमच्या बागेवर आहे की आमच्या फजितीवर, असा प्रश्न घरात उपस्थित झाला आणि सौ.ने त्याचा निकाल आपल्याविरुद्ध दिला आहे.

प्रथम मूळ फिर्याद. इकडे मेच्या मध्यापर्यंत रात्री हिम पडण्याची धास्ती असते, म्हणून झेंडूची रोपे खिडकीच्या फळीवर वाढवून मग बाहेर लावावी लागतात. आणि लंडनची जमीन इतकी चिवट चिकणमातीची, की तिला हात घालण्यापूर्वी ती खणून, फोडून, खत घालून मऊ करावी लागते. हे सारे कष्ट आम्ही उपसावेत आणि त्या भुसभुशीत, थंडगार, सुवासिक जमिनीचा उपभोग खंडूने घ्यावा, अशी येथील वहिवाट. सुवासिक म्हणतो ते खंडूच्या नाकाने. कारण दुकानातून आणलेले उत्तम खत म्हणजे वाळविलेले रक्त, मासळी आणि हाडे यांची पूड. आमच्या शाकाहारी घराने स्वहस्ते जमिनीखाली वाढलेली ती मेजवानी असून आपण निमंत्रित आहोत, असा त्या प्राण्याचा समज झाला तर त्याला दोष कसा द्यावा?

आता आपल्या मसलतीविषयी. लाल पाण्याने भरलेल्या बाटल्या वाफ्याभोवती मांडाव्यात, म्हणजे कुत्रे भिऊन फिरकत नाही, या आपल्या आज्ञेप्रमाणे कुंकू कालवून बाटल्या मांडल्या. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वृद्ध बाईंनी कुंपणावरून, हे धर्मकृत्य असल्यास आपण मोठ्याने रेडिओ लावून व्यत्यय तर आणीत नाही ना, अशी अदबीने चौकशी केली. सौ.ने 'पुण्याची पद्धत आहे' एवढेच सांगितले, आणि खोटे काहीच सांगितले नाही. परंतु दादा, कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट कळतात, तांबडा त्याला मळकट तपकिरी भासतो. म्हणजे पुण्याच्या निम्म्या पेठांतून ज्या भयंकर रक्तवर्णाचा पहारा बसविलेला आहे, तो ज्याच्यासाठी बसविला त्यालाच दिसत नाही, आणि झेंडू मात्र लख्ख दिसतो! म्हणून मग निळीची बाटली मांडली, ती त्याला उत्तम दिसली. ती त्याने उचलून नेली.

आईने सुचविलेली तिखटाची पूड नामंजूर केली. नाका-डोळ्यांना होणारा दाह पाहवत नाही, जनावराचे हाल करणे येथे 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि या मुलखातील पाऊस कोणतेही तिखट जमिनीवर दोन दिवस टिकू देत नाही. शेजारच्या बाईंनी कॉफीचा चोथा किंवा कोकोच्या सालींचे आच्छादन घालण्याचा सल्ला दिला होता. परंतु पहिल्यातील कॅफीन आणि दुसऱ्यातील थिओब्रोमीन ही द्रव्ये कुत्र्याच्या पोटात गेली तर विषासमान, असे पशुवैद्याने बजावले. त्याची फी पाहता तेवढा एकच उपदेश ऐकून आम्ही उठलो.

खरा उलगडा खंडूच्या कुळाचा इतिहास पाहिल्यावर झाला. तो जॅक रसेल टेरियर; एकोणिसाव्या शतकात डेव्हन परगण्यातील जॉन रसेल नावाच्या शिकारवेड्या पाद्र्याने हे कूळ कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकण्यासाठी जोपासले. कुत्र्यांकरवी होणारी ती शिकार 2005 पासून इंग्लंडात बंद झाली. परंतु आपल्याकडे पाटीलकीची वतने खालसा झाली म्हणून पोळ्याच्या मानावरून होणारी भांडणे थांबली का? त्यात या उपनगरांतून रात्री कोल्हे खुशाल हिंडतात आणि पहाटे आमच्या वाफ्यावर आपल्या वासाची सही ठेवून जातात. नोकरी गेली तरी वतनदार हजर, आणि कामही समोर. अशा स्थितीत मनाईहुकूम काढणे म्हणजे कागद वाया घालविणे होय.

म्हणून मी तह केला. बागेच्या मागील कोपऱ्यात, अवजारांच्या खोपटाआड, वाळूने भरलेला चौकोनी खड्डा खंडूला वंशपरंपरा तोडून दिला असून आमची चि. ईरा त्यात रोज एखादे खेळणे किंवा बिस्कीट पुरून ठेवते. कुंपणालगत हातभर रुंदीची पायवाट त्याच्या गस्तीसाठी मोकळी सोडली आहे, कारण सरहद्दीची पाहणी तो करणारच, ती वाफ्यातून करायची की वाफ्याबाहेरून एवढेच आपल्या हाती असते. झेंडूच्या वाफ्यात मातीच्या पातळ थराखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली आहे. रोपे तिच्या भोकांतून सुखाने वर येतात, आणि पंजाला तार लागताच वतनदार तिरस्काराने पाय मागे घेतो. खताची पूड आता खोलवर मिसळून वर पाणी घालतो. कडेला काटेरी बार्बेरीची रोपे आहेत, पण त्यांचे काटे आजवर बहुतांशी मलाच लागले. तहाचे कलम मोडले जात नाही असे नाही. परंतु पूर्वी वाफा जात असे, आता एखादे रोप जाते.

आईला सांगावे, की जेजुरीच्या देवाजवळ कुत्रे असते म्हणून खंडूवर रागावू नये, हा तिचा हुकूम पाळला जात आहे. मात्र दसऱ्यासाठी वाड्यातील गेंदेदार झेंडूचे बी पाकिटात घालून पाठवू नये. येथे बियाण्याबरोबर सरकारी वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो नसल्यास माल जप्त होतो.

सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा बंधू