वासुदेवाकडून दान पावले

प्रति,
माननीय सचिव महोदय,
मराठी वाङ्मय मंडळ, आमचे महाविद्यालय.



आपल्या कारकिर्दीतला वार्षिक अंक प्रकाशित झाला, प्रवेशद्वारावर दहा बाय सहाचा फ्लेक्सही झळकला. दोन्हींवर मी काढलेला वासुदेव आहे, असे मला सांगण्यात आले. आपले आभार मानावेत तेवढे थोडेच.

पहिले आभार आपल्या कालगणनेचे. रात्री अकरा वाजता आपला निरोप आला : "मुखपृष्ठ हवंय, दोन मिनिटांचं काम आहे." आपल्या आशीर्वादाने ती दोन मिनिटे मला नऊ रात्री पुरली. आधी पेन्सिलीचे कच्चे रेखाटन, मग इंकस्केपमध्ये पेन टूलने एकेक वळण. टोपीतले प्रत्येक मोरपीस वेगळे, प्रत्येकाचा डोळा वेगळा. रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगाची वळणे आखण्यासाठी ज्या वक्ररेषा वापरात आणल्या, त्याच या. पण आपण त्यांना ‘डिझाइन टाकणे’ असे सुटसुटीत नाव दिलेत.

दुसरे आभार आपल्या तत्परतेचे. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, रेषांचे गणित असते. म्हणून ते तिकिटाएवढे करा की भिंतीएवढे, कड तशीच धारदार राहते. मी एसव्हीजी आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली दिल्या होत्या. आपण त्या मोबाइलवर उघडल्यात, स्क्रीनशॉट काढलात आणि व्हॉट्सॲपवरून फ्लेक्सवाल्याकडे रवाना केलात. दहा फुटांवर वासुदेवाच्या गालाला पायऱ्या पडल्या. पहाटेपासून दारोदार फिरणाऱ्या माणसाला टेकायला घाट मिळाला. केवढी ही माया!

तिसरे आभार आपल्या बाहुबलाचे. उभे चित्र आडव्या फ्लेक्सवर बसेना, तेव्हा आपण त्याला दोन्ही कानांना धरून ताणलेत. एक शब्द टाकला असतात तर तासाभरात आडवी मांडणी करून दिली असती. पण कुणाला तसदी देणे आपल्या स्वभावातच नाही.

चौथे आभार रंगांचे. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत जांभळट उतरतो, म्हणून अंकासाठी मी स्क्रायबसमध्ये सीएमवायके फाइल वेगळी केली होती. छापखान्यात मात्र आपला लाडका स्क्रीनशॉटच पोहोचला. मोरपिसांना वांग्याचा रंग चढवण्याचे धाडस निसर्गालाही झाले नव्हते.

पाचवे आभार आपल्या भाषाप्रेमाचे. शीर्षकाची अक्षरे मी कर्व्ह करून दिली होती, म्हणजे फॉन्ट नसलेल्या संगणकावरही ती फुटू नयेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मुद्दाम निवडले होते. ‘जरा ठळक हवं’ म्हणून आपण ती पुसून नव्याने टाइप केलीत. ‘वाङ्मय’मधला ‘ङ’ पाय मोडून एकीकडे पडला, ‘मय’ दुसरीकडे. वाङ्मय मंडळाने वाङ्मयाची एवढी सेवा आजवर केली नव्हती.

सहावे आभार आपल्या शब्दाचे. "मानधन नाही, पण नाव होईल," असे आपण म्हणाला होतात. नाव झालेच. ऋणनिर्देशात मंडपवाले आहेत, चहावाले आहेत, आपण स्वतः तीन ठिकाणी आहात. चित्रकारांचा रकाना जागेअभावी गळला असावा.

आता सरळ बोलते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे स्वतःच्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन मान जात असेल तर ती रोखण्याचा हक्क कर्त्याचा असतो. पण मंडळातल्या कामासाठी कायदा काढावा लागावा, याचेच मला वाईट वाटते. मूळ फाइल छापखान्यापर्यंत जशीच्या तशी पाठवा, बदल हवा असेल तर विचारा, ज्याचे काम त्याचे नाव छापा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

अंकातली आतली दोन चित्रे दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची आहेत. तिने आयुष्यात प्रथमच काही छापायला दिले होते. अंक हाती आल्यावर तिने ऋणनिर्देशाचे पान दोनदा वाचले आणि पुढच्या वर्षी चित्रे देणार नसल्याचे मला कळवले. माझा वासुदेव राहू द्या. तिचे नाव शुद्धिपत्रात तरी छापा.

कळावे,
मुखपृष्ठाची चित्रकार