खर्ची पडलेली हिरवाई

महाराष्ट्रात झाड लावण्याचा हंगाम जुलैत येतो आणि झाडावरचा पैसा खर्ची टाकण्याचा हंगाम मार्चमध्ये. मधल्या काळात रोपाचे काय होते हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा की लेखापरीक्षणाचा, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. २०११मध्ये राज्याने तीन वर्षांत शंभर कोटी झाडे लावण्याची शतकोटी योजना आखली; पुढे १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी आणि त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत अनुक्रमे ४, १३ व ३३ कोटी अशी उद्दिष्टे ठरली. २०११च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्येने या साऱ्यांच्या बेरजेला भागले असता दरडोई साडेतेरा झाडे निघतात, तेव्हा मे महिन्यात भर दुपारी धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीला एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रवाशाने डोक्यावर टॉवेल ओढण्याआधी आपल्या वाट्याची साडेतेरा झाडे कुठे आहेत याची चौकशी करायला हरकत नाही. शासनालाही तशीच चौकशी करावीशी वाटली आणि ३३ कोटींच्या लागवडीसाठी २०२१मध्ये आमदारांची समिती जाहीर झाली. (मराठवाड्याच्या हवेत समिती ही रोपापेक्षा चिवट असते, तिला टँकर लागत नाही.)

समजा, बेंबळीला एक उद्यान हवे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेली, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावयाची, अशी वाटणी केली. मात्र उरलेल्या सगळ्या गरजा त्या ४० टक्क्यांच्याच दारात रांग लावून उभ्या असल्यामुळे उद्यानाचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीकडे, म्हणजेच पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे, वळतो. तेथून प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका अशा पायऱ्या उतरत तो गावात पोचतो, तेव्हा त्यात कमान, पेव्हर ब्लॉक, खुली व्यायामशाळा, ट्री गार्ड आणि मान्यवरांच्या नावांचा फलक असतो, कारण या वस्तूंना शासकीय दरसूचीत दर आहे. सावलीला दर नाही. काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ज्या कारणासाठी पैसा दिला त्याच कारणासाठी तो संपला असे लेखी आश्वासन, सादर होते आणि पैशाचा प्रवास पूर्ण होतो. रोपाने पुढच्या उन्हाळ्यात जगायचे की नाही, हा त्याचा खासगी निर्णय ठरतो. अपवाद रोजगार हमीतील एका पद्धतीचा करावा लागेल, जिच्यात रोपे राखणाऱ्या मजुरांना तीन वर्षे काम मिळते आणि जिवंत रोपांच्या टक्केवारीवर मजुरी ठरते. तिला ‘बिहार पॅटर्न’ म्हणतात, हे मराठी अस्मितेने मोठ्या मनाने खपवून घेतले आहे.

राखण्यापेक्षा लावण्याला पैसा मिळतो, तेव्हा लावायला जागा शोधावी लागते आणि ती गायरानात सापडते. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सार्वजनिक चराऊ जमीन. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते तिथे कोणाच्याही अनुदानाशिवाय उगवतात, आणि नेमक्या याच कारणाने ती जमीन कागदोपत्री रिकामी दिसते. मग मुरमात ओळीने खड्डे घेतले जातात. झाडाविना असलेला माळ हीसुद्धा जपण्याजोगी गोष्ट आहे, हे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोकाने शिकवायला हवे होते, कारण या पक्ष्याला उघडे गवताळ रानच लागते. त्याच्यासाठी १९७९मध्ये जाहीर झालेले सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य पुढे कमी करत सुमारे १,२०० वर आणले गेले, आणि माळढोक तर त्याच्याही आधीपासून कमी होत आला होता, त्यामुळे निदान प्रमाण राखल्याचे समाधान मिळाले.

लावण्यापेक्षा राखण्याला पैसा बांधून देण्याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे: तिथे १९६४च्या कायद्याने उद्याने आणि मोकळ्या जमिनींसाठी एक निधी उभारला, ज्यात समुद्रातील तेल व वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा जातो. २०२०पासून त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे बांधून दिले आहेत. तेल उपसून मिळालेल्या पैशाने राने जपणे, यात भारतीय वाचकाला नवे काही वाटणार नाही, कारण इथेही वनजमीन प्रकल्पाला दिल्याची भरपाई २०१६च्या कायद्यान्वये वनीकरणाच्या निधीत जमा होते. नवल आहे ते त्या अमेरिकी कायद्यातील एका अटीचे: या अनुदानातून राज्याने किंवा गावाने जी जागा उभारली, ती कायम लोकांच्या विरंगुळ्यासाठीच राहिली पाहिजे, आणि दुसऱ्या कामाला घ्यायची असेल तर तितक्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते. अशी अट आपल्याकडे लावली तर पुढच्या पंचवार्षिकात कमान कुठे उभारायची, असा घटनात्मक पेच निर्माण होईल.

राहता राहिल्या पायवाटा. परदेशात माणसे मुद्दाम चालायला जातात म्हणून वाटांना अनुदान मिळते. धाराशिवकडे शेतात जायला दुसरा मार्ग नसतो म्हणून पाणंद असते, आणि तिच्यासाठी २०२१मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आली. गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात व त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. रेषा तुटक असल्याने मधल्या मोकळ्या जागा आपल्याच, असा अर्थ दोन्ही बाजूंचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. बांध कोरत नांगराचे एकेक तास दरवर्षी आत सरकते, आणि वाट इतकी अरुंद होते की सोयाबीनची पोती डोक्यावरून आणावी लागतात. तहसीलदाराकडे १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते, मोजणीही मागवता येते, पण त्यात वाट कोणाच्या रानात गेली ते उघड होते. त्यापेक्षा निधी मागणे सोयीचे पडते, आणि म्हणून ग्रामसभेत पाणंदीच्या मागणी अर्जावर पहिल्या दोन सह्या वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेतमालकांच्या असतात.