जावईबापू, पाय पसरून बसा

मु. पो. गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर

रा. रा. लिनक्सराव हेलसिंकीकर यांस,
स. न. वि. वि.

कन्येने पसंत केलं म्हणून आम्ही तुम्हाला घरात घेतलं. तिला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रॅक्टिकल आहे आणि ते तुमच्यावाचून होत नाही म्हणे. लॅपटॉप घरात एकच. त्यावर विंडोज, विंडोजवर टॅली आणि टॅलीत आमच्या बी-बियाण्याच्या दुकानाची सगळी उधारी. कापूस निघेपर्यंत ती उधारी हीच आमची इस्टेट, त्यामुळे विंडोज पुसायला मी साफ नकार दिला. मग पोरीनेच तोड काढली: व्हर्च्युअलबॉक्स टाकू, त्यात ते राहतील. विंडोज जागच्या जागी, पाहुण्याला वेगळी खोली. खोली जुन्या घरंदाज वळणाची निघाली. 2007 साली इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीने ती लोकांना खुली केली, पुढच्याच वर्षी ती सन नावाच्या कंपनीकडे गेली आणि 2010 मध्ये सनसकट ओरॅकलकडे. सातबारा एवढ्या वेळा फिरूनही जागा बिनभाड्याची मिळाली, हे आमच्या तालुक्यात कुणाला पटायचं नाही.

या विद्येत घराला होस्ट म्हणतात आणि आलेल्याला गेस्ट. म्हटलं, मग हे आपल्याच हातचं काम. पोरगी रोज एसटीने कॉलेजला जाते, दमून येते. तिला म्हणालो, “तू अभ्यास कर, पाहुण्यांचं मी बघतो.”

आणि बघितलं की हो! आठ जीबी रॅमपैकी चार तुमच्या ताटात वाढली. चारातले दोन कोअर दिले. पंचवीस जीबी जागा दिली. डिस्प्लेच्या पानावर ‘थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन’ असा एक चौकोन दिसला. थ्रीडी म्हणजे काहीतरी भारीच असणार, म्हणून तिथेही टिचकी मारली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला मोजून तेहतीस अनारसे देणारी माणसं आम्ही, एका टिचकीला कशाला मागे हटू?

तुम्ही आलात आणि तोंड काळं करून बसलात. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. वाळूजला कंपनीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो लाइनवरून उठत म्हणाला, “मामा, उजवा कंट्रोल दाबून एफ तीन दाबा, अक्षरांची खिडकी येईल. तिथून ग्रबच्या फाइलीत ‘नोमोडसेट’ लिहा.” लिहिलं. अपडेट-ग्रब केलं, मशीन परत चालू केलं आणि तुमचं दर्शन झालं. भाच्याला दुकानातून भेंडीच्या बियाण्याचं पाकीट पाठवलं.

पण दर्शन केवढं? आठशे गुणिले सहाशे. आमची स्क्रीन 1366 बाय 768 ची. म्हणजे 10,49,088 टिंबांच्या अंगणात तुम्ही 4,80,000 टिंबांवर मांडी घालून बसलेले, निम्म्याहूनही कमी. खिडकी मोठी केली की भोवती नुसतं करडं पटांगण. पोरीचा टर्मिनल उघडला की खालचं बटण खिडकीच्या बाहेर. सेटिंगमध्ये दुसरा आकडाच नाही.

मला वाटलं, माझंच वाढणं कमी पडलं. व्हिडिओ मेमरी 16 एमबी होती, ती 128 केली. नंतर वहीवर गुणाकार मांडला. एका टिंबाला चार बाइट धरले तरी आमची अख्खी स्क्रीन चार एमबीच्या आसपासच भरते. म्हणजे हे वरचं तूप सगळं पत्रावळीवरून खाली गेलं.

मग गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे तुमचा पोशाख. आमच्याकडे हा अंगावर माप घेऊन शिवावा लागला. त्याला जीसीसी लागतो, मेक लागतो आणि तुमच्या कर्नलचे नेमके त्याच नंबरचे हेडर्स लागतात. अपडेट होऊन कर्नल बदललं की जुना सदरा काखेत उसवतो. म्हणून डीकेएमएस नावाचा घरचा शिंपी बसवायचा, तो नव्या मापाने आपोआप शिवून देतो. मधे दोनदा लाइट गेली, तरी हे सगळं केलं. पोशाख तर अंगावर चढला, पण तुम्ही तिथेच, आठशे बाय सहाशे.

खरं सांगतो, तेव्हा मी तुमचं खानदान काढलं. 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या पोराने छंद म्हणून जन्माला घातलेलं स्थळ, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, असं घरात मोठ्याने बोललो. कन्येने ऐकलं. चहाचा कप बाजूला ठेवून तिने एक ओळ टाइप केली, कॅट, मग प्रॉक, सीएमडीलाइन, आणि आलेलं उत्तर बोट ठेवून वाचलं: क्वाएट, स्प्लॅश, नोमोडसेट.

“पप्पा, हे कुणी लिहिलं?”

मी भाच्याचं नाव घेतलं.

तिने समजावलं ते असं. पडद्याची मांडणी कर्नलने स्वतः करायची, ही रीत 2009 च्या सुमारास तुमच्या घराण्यात रुजू लागली. नोमोडसेट म्हणजे त्या मांडणीला हात लावायची बंदी. बंदी आली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर उठतच नाही. सुरुवातीला मिळालेल्या चौकटीवर तुम्ही बिचारे बसून राहता. (खोली व्हर्च्युअलबॉक्सची असली तरी तिथलं कार्ड व्हीएमवेअरच्या कार्डाची नक्कल करतं, त्यामुळे तुमचा ड्रायव्हरही व्हीएमवेअरच्याच नावाचा. ही भानगड मी दोनदा विचारली, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.) आणि पहिल्या दिवशीचा काळा पडदा? त्यामागे माझी ती थ्रीडीची टिचकी. जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला ती झेपली नाही.

म्हणजे आधी मीच तुमच्या घशात अनारसा कोंबला, मग ‘हलू नका’ असं तुमच्या पाटाखाली लिहून ठेवलं आणि आठ दिवस गावभर सांगत फिरलो की जावई अंग चोरून बसतो.

तिने तो शब्द खोडला, टिचकी काढली, तुम्हाला बंद करून पुन्हा उठवलं. खिडकीचा कोपरा धरून ओढला तसे तुम्ही मागोमाग पसरत गेलात. मी दोन-तीनदा उगीच ओढून पाहिलं.

आता एक तेवढं सांगा. जाताना तिने तुम्हाला फुल स्क्रीन करून ठेवलंय. विंडोज दिसत नाही, टॅली दिसत नाही आणि समोर गिऱ्हाईक उधारीचा आकडा विचारत उभं आहे. उजवा कंट्रोल आणि एफ दाबायचं असं ती म्हणाली होती, पण आमच्या लॅपटॉपचा उजवा कंट्रोल दबला तर दबतो, नाहीतर नाही. तेव्हा घटकाभर सरकून बसाल का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
होस्ट