सभासदांच्या ताकदीबाबत ठराव

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. पाचव्या मजल्यावरचे लोक घरी पोहोचेपर्यंत धापा टाकतात आणि चौथ्यावरचे त्यांना वाट करून देताना टाकतात. ही धाप कशामुळे लागत असावी यावर सर्वसाधारण सभेत साधकबाधक चर्चा झाली आणि कारण सापडलं. सभासदांमध्ये व्हिटॅमिन कमी पडतंय. तेव्हा सर्वांसाठी घाऊक दरात एक उत्तम मल्टिव्हिटॅमिन निवडावं, निवडीसाठी समिती नेमावी आणि खर्च सिंकिंग फंडातून करावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या पैशात लिफ्टही झाली असती, पण लिफ्टची जाहिरात कुठला नट करतो?

समितीत चेअरमन आले, कारण ते बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांना टक्केवारी कळते. सी विंगच्या काकू आल्या, कारण त्यांना कुठल्याही पुड्यावरचा हिरवा ठिपका लांबूनच दिसतो. तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा आला, कारण तो आधीच सगळं खातो. इतिवृत्त लिहायला मी. पहिल्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात, त्यांनाही घ्यावं अशी सूचना आली होती. पण विषयातलं माणूस समितीत घेतलं की काम पहिल्याच बैठकीत संपतं, म्हणून ती फेटाळली.

टीपॉयवर डबे मांडले गेले. डब्याची पुढची बाजू आणि मागची बाजू यांची आपसात बोलचाल नसते. पुढे ऊर्जा, प्रतिकारशक्ती, केस, त्वचा, एकाग्रता आणि उधळलेला एक घोडा. मागे, मोबाइलवर फोटो काढून तो दोन बोटांनी ताणल्यावरच दिसेल अशा अक्षरांत: औषधी वापरासाठी नाही. हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. औषधाच्या दुकानात, औषधांच्या मांडीला मांडी लावून बसलेला हा डबा कायद्याच्या लेखी अन्न आहे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली या जमातीसाठी वेगळे नियम केले, आणि म्हणून तर त्यावर बिस्किटाच्या पुड्यासारखा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. शेजारची बी कॉम्प्लेक्सची साधी पट्टी मात्र औषध कायद्याखाली येते.

“म्हणजे स्वस्त ते औषध आणि महाग ते खाणं?” काकूंनी विचारलं. इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

चेअरमननी मागचा तक्ता वाचायला घेतला आणि ते एकदम गप्प झाले. बी-१२ पुढे चाळीस हजारांच्या वर टक्के लिहिले होते. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सात टक्क्यांची एफडी विकली, त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं! खरं तर यात जादू काहीच नाही. प्रौढ माणसाला दिवसाला बी-१२ लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम, डब्यात असतं हजार. शरीर एका वेळी त्यातलं दोनेक मायक्रोग्रॅम नीट उचलतं, उरलेल्यातलं जेमतेम शेकडा एक, आणि बाकीच्याला दार दाखवतं. म्हणजे मुद्दल जागच्या जागी आणि व्याज नाल्यात. हे मी सांगून पाहिलं. “तुम्ही लेखक,” ते म्हणाले, “तुम्हाला परताव्यातलं काय कळणार?”

त्याच तक्त्यात कॅल्शियमपुढे मात्र पंधरा टक्के होते. चेअरमनना हा घोटाळा वाटला. तो निव्वळ भूमिती आहे. दिवसाला लागतं हजार मिलिग्रॅम, आणि कॅल्शियम कार्बोनेटात, म्हणजे खडूत, वजनाच्या चाळीस टक्केच कॅल्शियम असतं. शंभर टक्के भरायचे तर गोळीत नुसता खडूच अडीच ग्रॅम होईल. ती गिळायला घसा मास्तरांचा लागेल. म्हणून जे स्वस्त, हलकं आणि चिमटीत मावतं, त्याचे टक्के हजारांत जातात. जे जड, ते नावापुरतं. ‘संपूर्ण’ हा शब्द पुढच्या बाजूवर असतो, आणि दोन्ही बाजूंची बोलचाल नसते हे मघाशी सांगितलंच.

जिमवाल्या मुलाचा जीव गमीवर होता. गमी म्हणजे व्हिटॅमिन लावलेली गोड गोळी. लोह तिच्यात सहसा नसतंच, कारण त्याने चव बिघडते आणि चव बिघडली तर ती खाणार कोण? काकूंना साखरेचं काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न मूलभूत होता. कॅप्सूलचं कवच कशाचं? बहुतेक वेळा जिलेटिनचं, जे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. आणि डी-३? ते बहुतांशी मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. हे ऐकून बैठक तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच निकाल दिला: जिलेटिन चालणार नाही, पण लोकर काढल्याने मेंढी मरत नाही आणि आजोबा पंढरपूरला घोंगडी घेऊनच जायचे, तेव्हा डी-३ ला हरकत नाही. धर्मशास्त्राचा इतका झटपट आणि इतका माणुसकीचा निर्णय मी पाहिलेला नाही.

पुढचा पेच चहाचा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं आणि शरीराला फारसं काही मिळत नाही. म्हणून दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. अंतर कोणी कोणापासून ठेवायचं यावर मतदान झालं. चहा बिनविरोध निवडून आला.

शेवटी डॉक्टरीणबाई न बोलावताच आल्या. डबे उलटेपालटे करून म्हणाल्या, “यातलं काहीही घ्या, तुमच्यापैकी बहुतेकांना काही होणार नाही.” चेअरमनना हे अभयदान वाटलं. बाईंना म्हणायचं होतं की फायदाही होणार नाही. अमेरिकेत जवळजवळ चार लाख धडधाकट माणसांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती तपासली गेली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आला: रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत.

“ते अमेरिकन,” चेअरमन म्हणाले. “त्यांच्या लिफ्ट चालू असतात.”

बाईंनी मग सरळ सांगितलं. घ्यायचीच तर कंटाळवाणी गोळी घ्या. रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपासची, मुळ्या, अर्क आणि घोडे नसलेली, जेवणानंतर. ए व्हिटॅमिन जास्त नको, गरोदरपणी तर मुळीच नको. वॉर्फरिन चालू असेल तर के बद्दल आधी विचारा. सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेपासून लांब राहा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना ते फुफ्फुसं वाचावीत म्हणून दिलं होतं, १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला निघाला. “आणि या सगळ्याच्या आधी रक्त तपासा. चेअरमनसाहेब, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेताय, तुमचं बी-१२ खरंच कमी असेल. काकू, तुम्ही शुद्ध शाकाहारी, तुमचंही. कमी निघालं तर तेवढंच घ्या, त्याची सगळी भावकी कशाला?”

आपल्यात खरोखरच काही कमी असू शकतं म्हटल्यावर चेअरमन दुखावले. त्यांना व्हिटॅमिन हवं होतं, निदान नको होतं.

एवढ्यात जिना झाडणाऱ्या मावशी बादली टेकवून दारापाशी थांबल्या. धाप त्यांनाही लागली होती, पण त्यांच्या धापेचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली आणि आत बघितलं. लाल असायला हवं तिथे पांढुरकं होतं. “लाल गोळ्या घेतल्या होत्या का कधी?”

“बाळंतपणात दिल्या होत्या ताई, दवाखान्यातून. मळमळायचं, सोडल्या. पोरीला शाळेत निळी देतात दर आठवड्याला. ती दप्तरात घालून आणते.”

त्या निळ्या गोळीत साठ मिलिग्रॅम लोह असतं आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. या फॉलिक ॲसिडचा माग लागला तो इथून तासाभराच्या लोकलवर. लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, परळच्या हाफकिन संस्थेत राबली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा एका जातीचा पंडुरोग यीस्टच्या स्वस्त अर्काने बरा होतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. सुरुवातच मुळी कष्टकरी बाईपासून आणि परवडणाऱ्या बरणीपासून झाली. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं होतं. हे टक्के चेअरमनना फारसे आकर्षक वाटले नाहीत.

“फुकट मिळते ना निळी?” त्यांनी विचारलं. “मग त्यात काय असणार!”

डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की डब्यांचं राहू द्या, निदान मावशींची रक्ततपासणी सोसायटीने करावी. उपविधी काढून पाहिले. मावशी सभासद नाहीत. सभासदेतरांच्या हिमोग्लोबिनसाठी तरतूद नाही. मावशींच्या पगारवाढीचा विषय निधीअभावी पुढच्या सभेत घेण्याचं मागच्या सभेत ठरलं होतं, तो याही वेळी निधीअभावी पुढे गेला. निधी कुठे गेला ते टीपॉयवर दिसतच होतं.

घोड्याचा डबा निवडला गेला. जिलेटिन नाही, हिरवा ठिपका आहे, टक्के भरपूर आहेत आणि प्रत्येक बारा डब्यांवर एक शेकर फुकट आहे. शेकर कोणत्या विंगकडे राहील याबाबत एकमत न झाल्याने उपसमिती नेमण्यात आली. निमंत्रक, सी विंगच्या काकू.