स्वमत पाठ झाले का?

१९६४ साली मुंबईचा विकास आराखडा जाहीर झाला, तेव्हा शहराने कोणत्या दिशेला वाढावे या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर 'उत्तर' असेच होते. रूळ उत्तरेला चालले होते, माणसे रुळांमागे आणि आराखडा माणसांमागे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात विचारले, की उत्तरच का? खाडी ओलांडून पूर्वेला का नको? पाच वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. तिघांच्या उत्तरातही एक जागा कोरी राहिली होती : खाडीपलीकडची जमीन ज्यांची भातशेती आणि मिठागरे होती, त्यांचे काय? तो प्रश्न शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी विचारला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी त्याची किंमत मोजली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा ही त्या प्रश्नाची कमाई. थोडक्यात, नवी मुंबई हे छापील उत्तर न पटलेल्या लोकांनी घडवलेले शहर आहे. दहावीच्या पेपरात यांपैकी कोणी असले काही लिहिले असते, तर आदर्श उत्तरपत्रिकेत बसत नाही म्हणून भोपळा मिळाला असता. अशा शहरात आज मुलांना काय शिकवतात ते पाहणे म्हणूनच मनोरंजक आहे.

आपल्या राज्य शिक्षण मंडळाने प्रश्न विचारणाऱ्या मनाची काळजी घेतली नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबई विभागीय मंडळाचे कार्यालय वाशीतच आहे, त्यामुळे शेजारधर्म म्हणूनही हे सांगायला हवे. दहावीच्या भाषांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, मार्च २०१९ मध्ये नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी तिला सामोरी गेली, आणि तिच्यात एक फार सुंदर शब्द होता : स्वमत. उतारा वाचा आणि तुम्हाला काय वाटते ते लिहा. शतकानुशतके ज्या पोराला 'तुला कोणी विचारलंय का?' असे सुनावले गेले, त्याला शासनाने अधिकृतपणे विचारले. यावर समाजाने काय करावे? समाजाने स्वमताचे गाईड छापले. प्रत्येक धड्याखाली 'स्वमत : नमुना उत्तर', साठ ते सत्तर शब्द, सुरुवातीला 'माझ्या मते' आणि शेवटी 'असे मला वाटते'. मधले मत गाईडवाल्याचे. परीक्षेच्या आदल्या रात्री घराघरांत 'स्वमत पाठ झालं का?' अशी विचारणा होते आणि त्या वाक्यात काही गंमत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एका तुकडीतल्या साठ मुलांचे एका कवितेविषयी शब्दशः एकच स्वतंत्र मत असावे, इतके वैचारिक ऐक्य पक्षादेश काढूनही विधानसभेत जमत नाही.

यात भाषेचाही थोडा दोष आहे. तज्ज्ञ ज्याला 'चिकित्सक विचार' म्हणतात, तो शब्द घरात आणून पाहा. 'फार चिकित्सक आहे हो' हे आपण गिऱ्हाइकाबद्दल किंवा जेवणात खोट काढणाऱ्या जावयाबद्दल म्हणतो, आणि ते कौतुकाने नाही. 'शहाणा आहेस' यातला सूर जरा वर गेला की अर्थ उलटा होतो. प्रश्न विचारणारा आगाऊ, पुन्हा विचारणारा अतिशहाणा, तिसऱ्यांदा विचारणाऱ्याच्या पालकांना शाळेत बोलावणे. ज्या भाषेत बुद्धीच्या प्रत्येक हालचालीला एक शिवी तयार आहे, तिथे मूल गप्प बसायला शिकते ते बुद्धी नसल्यामुळे नव्हे, चांगली असल्यामुळे.

आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे. आपल्या मुलांना विचार करता येत नाही ही तक्रारच खोटी आहे. ती अतिशय कठोर विचार करतात; फक्त धड्याचा नाही, गुणांचा करतात. पुरावा मंडळाच्याच निकालात आहे. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे अंतर्गत गुण गेले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. घसरण १२.३१ टक्क्यांची, म्हणजे नवी मुंबईच्या भाषेत सांगायचे तर जवळपास साडेबारा टक्के. यावर अध्यापनात काय चुकले याची झडती घ्यायची, की अंतर्गत गुण परत द्यायचे? गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्राची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली. पुढे २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. शिक्षणाच्या मार्गातला एकमेव अडथळा परीक्षा हाच होता, असा निष्कर्ष यातून काढायला हरकत नाही. हे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहणारा पंधरा वर्षांचा मुलगा जर म्हणाला, की निकाल अभ्यासावर नाही, गुणदानाच्या योजनेवर ठरतो, तर त्याला चिकित्सक विचार येत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हीच गोष्ट पालकांची. नवी मुंबईचा पालक बिनडोक आहे असे म्हणणाऱ्याने त्याला सकाळी बाजारात पाहावे. दिवाळे गावच्या मासळी बाजारात तो पापलेटाचे कल्ले उघडून लाल आहेत की नाही ते बघतो. हापूसची पेटी घेताना वरचा थर उचलून तळचा आंबा हुंगतो, कारण वर मांडलेले फळ हे पेटीचे खरे रूप नसते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. नमुना निवडीचा दोष संख्याशास्त्राच्या पुस्तकात चार पाने घेतो. तो वाशीच्या फळबाजारात दोन सेकंदांत शिकवला जातो. तोच पालक संध्याकाळी क्लासच्या काचेवरचे गुणवंतांचे फोटो बघतो आणि मुकाट्याने दोन वर्षांची फी भरतो. वरचा थर कोणी उचलत नाही. किती बसले त्यांतले किती निवडले, फोटोतली मुलगी इथे दोन वर्षे होती की दोन दिवस, हे विचारत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ते विचारावे लागले. चौकशीत निघाले, की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अनेक यशस्वी उमेदवारांनी जाहिरातदार क्लासमध्ये फक्त मुलाखतीची तयारी केली होती. पूर्व आणि मुख्य परीक्षा ते आपल्या बळावर आधीच उत्तीर्ण झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. म्हणजे पापलेटाचे कल्ले बघणाऱ्या देशाला क्लासचे कल्ले बघण्यासाठी सरकारी प्राधिकरण लागले.

आता अभ्यासाकडे वळू, कारण 'विचारबिचार नंतर, आधी अभ्यास' असे म्हणणाऱ्यांना वाटते की या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा एकदा वाचून मिटवला आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवले आणि मिटवून लिहिलेल्यातले ५६. त्याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात वारंवार वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र जास्त होता, आणि हे वाचून माझा शिक्षणव्यवस्थेवरचा विश्वास दृढ झाला. पिवळ्या पेनाने ओळी रंगवणे हे तर जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यात कमी उपयोगाच्या पद्धतींत मोडले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत वाटून करणे या दोन पद्धती वर राहिल्या. पुस्तक मिटवून 'मला काय कळले?' असे स्वतःला विचारणे म्हणजे अभ्यास. पुस्तक उघडून 'हे तुला कसे कळले?' असे त्याला विचारणे म्हणजे चिकित्सा. क्रिया एकच, तोंड फक्त दुसरीकडे. ज्याला सर, बाई, बाबा, गाईड यांपैकी कोणालाच काही विचारायची सवय राहिली नाही, तो रात्री साडेदहाला एकदम स्वतःला कुठून विचारणार? मग तो तेच पान पाचव्यांदा वाचतो. घरच्यांना पान उलटल्याचा आवाज येतो आणि सगळे समाधानाने झोपतात.

यावर पहिला आक्षेप पाठांतराच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. पाढे पाठ नसलेल्या मुलाने गणितात काय कप्पाळ विचार करायचा? रिकाम्या डोक्यात चिकित्सा उगवत नाही. शेकडो अभंग मुखोद्गत असलेल्या वारकऱ्याला घोकंपट्टीवाला म्हणण्याची माझी तरी छाती नाही. पण कीर्तनात अभंग म्हटला की काम संपत नाही, तिथे निरूपण सुरू होते. आपल्या जुन्या शास्त्रार्थात तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट सांगायचे, आणि मग आपले. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पाठांतर तेवढे उचलले आणि पूर्वपक्ष सोडून दिला. नारळ फोडायचा, शेंडी जपून ठेवायची आणि खोबरे टाकून द्यायचे, असला हा प्रकार.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जागा मोजक्या, मुले लाखो. पालक स्वमत जोपासत बसला तर शेजाऱ्याचे कार्टे पुढे जाईल. दिघा-तुर्भ्याच्या ज्या घरात शिकवायला कोणी नाही, तिथे गाईड हाच एकमेव मास्तर असतो, हेही खरे. यातला दुसरा भाग मी निमूटपणे मान्य करतो. त्या मुलाच्या हातून गाईड काढून घेऊन त्याला स्वतंत्र विचार कर म्हणणे हा क्रूरपणा आहे. पण पहिल्या भागाचे गणित चुकते. ४२ आणि ५६ यांतला फरक गुणांचाच आहे, तत्त्वज्ञानाचा नाही, आणि पुस्तक मिटवायला फी लागत नाही. कदाचित म्हणूनच ती पद्धत कोणी विकत नाही. उलट, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात चिकित्सक विचाराचे नाव पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे मला खरी धास्ती आहे ती यशाची. उद्या हा विषय वेळापत्रकात आलाच, तर परवा नेरुळ स्टेशनबाहेर 'चिकित्सक विचार : फाउंडेशन बॅच, सहावीपासून' असा फलक लागेल. त्याचे वीस अपेक्षित आक्षेप छापले जातील आणि एकविसावा घेणाऱ्याचा अर्धा गुण कापला जाईल. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश द्यायचा नाही, त्यामुळे फलकावर 'क्लास' हा शब्द नसेल, एवढी चिकित्सा क्लासवाले नक्की करतील.

बहुपर्यायी परीक्षेत तरी हे सगळे गैरलागू आहे, चारांतला एक पर्याय निवडला की झाले, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २७ एप्रिल २०२५ ची राज्याची सीईटी आहे. त्या दिवशीच्या पेपरात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. कल्पना करा : एक मुलगी उदाहरण सोडवते, उत्तर पर्यायांत नाही. पुन्हा सोडवते, तरी नाही. आता तिला ठरवायचे आहे, की आपण चुकलो की पेपरच चुकला, आणि बारा वर्षांत तिला या दुसऱ्या शक्यतेबद्दल कोणी अवाक्षर सांगितलेले नाही. शेजारचा मुलगा अंदाजाने ठोकत पुढे गेला आहे. त्याला सगळ्या प्रश्नांना उत्तरे सापडली आहेत. तक्रारी झाल्या, चूक मान्य झाली आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा ठेवली गेली, तिच्यासाठी आणि त्याच्यासाठीही.