अँटीव्हायरसरावांच्या चरणी

मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर

राजमान्य राजश्री अँटीव्हायरसराव यांसी, कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. म्हणजे दुकानातलं बिलिंग बंद पडलं, गिऱ्हाईक परत गेलं, मालक माझ्यावर डाफरला. पण 'आपला संगणक सुरक्षित आहे' अशी हिरवी पाटी आपण कोपऱ्यात लावली आहे, तेव्हा क्षेमच म्हणायचं.

आम्ही लष्करची माणसं. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचंच पुढे हे शहर झालं, त्यामुळे चौकी-पहाऱ्याचा आदर आमच्या अंगात मुरलेला. पहारेकऱ्यानं हटकलं की नाव-गाव सांगायचं, हे इथे पोरांनाही शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच की आपण हटकत नाही. थेट उचलून नेता.

झालं ते सांगतो, कारण आपल्या दफ्तरात ते 'धोका दूर केला' एवढ्याच शब्दांत नोंदलं गेलंय. मी दाल बाजारातल्या काही दुकानांचे हिशेब बघतो. 22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. 3 तारखेला जीएसटी परिषदेत ठरलं आणि जेमतेम अडीच आठवड्यांत सगळ्या देशानं आपली बिलं बदलायची होती. तूप आणि फरसाण 12 वरून 5 टक्के, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5, पाकीटबंद पनीरवर तर काहीच नाही. आमचा बिलिंगचा प्रोग्राम इथल्याच एका तरुणानं लिहिलेला आहे. बिचाऱ्यानं जागरणं करून दर बदलले, रविवारी रात्री अपडेट धाडला. मी तो चढवला, तुपाचं एक बिल काढून पाहिलं, 5 टक्के बरोबर लागले, घरी गेलो.

सोमवारी शटर वर गेलं, मशीन सुरू झालं, आपली गस्त झाली आणि बिलिंगचं चित्र पांढरंफटक पडलं. फाइल सापडत नाही. समोर गिऱ्हाईक पेपर फडकवत उभं: "भाईसाहब, घी पे अब पाँच परसेंट है!" आहे ना, बाबा. पण ते पाच टक्के ज्या फाइलीत होते ती क्वारंटाइनमध्ये बसली होती. जुनी आवृत्ती परत घातली तर ती बारा टक्के लावणार. शेवटी मालकानं पॅड काढलं आणि कार्बन घालून हातानं बिलं फाडायला सुरुवात केली. 'डिजिटल इंडिया'चा स्टिकर गल्ल्याच्या काचेवर तसाच होता.

आता आरोपपत्र पाहू. आपण लिहिलंय: 'जेनेरिक', 'संशयास्पद', आणि पुढे अक्षरांची-आकड्यांची शेपटी. त्या फाइलीनं काय चोरलं, कुणाशी बोलली, कुठे हात घातला, याचा एक शब्द नाही. खरोखर विषाणू सापडला असता तर मी आपले पाय धुऊन पाणी प्यालो असतो. पण आपल्याला सापडलं ते इतकंच की ही फाइल जगात कुणी फारशी पाहिलेली नाही. कशी पाहिलेली असेल? आदल्या रात्री तर जन्मली!

आपण हल्ली पत बघता. फाइल किती मशीनवर आहे, किती दिवस झाले, तिच्यावर कुणाची सही आहे. मोठ्या कंपनीचा अपडेट तासाभरात लाखो मशीनवर पोचतो, त्याला आपण वाकून सलाम ठोकता. आमच्या तरुणाचा अपडेट दाल बाजार आणि नया बाजार मिळून जेवढा फिरेल तेवढाच. आणि अपडेट म्हणजे दर वेळी नवी फाइल, नवा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसाच नवा. या प्रोग्रामनं वर्षानुवर्षं एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, ती सगळी सचोटी त्या रात्री पुसली गेली. जग एकीकडे कानीकपाळी ओरडतं, अपडेट करा, अपडेट करा. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा त्यावरचा इलाज मार्चमध्येच येऊन पडला होता, लोकांनी तो चढवला नव्हता. आणि इथे चढवणाऱ्याचीच आपण गचांडी धरता.

सही घ्या, म्हणाल. कोड सायनिंगच्या दाखल्याला हजारो रुपये लागतात, आणि जून 2023 पासून त्याची चावी हार्डवेअर टोकनमध्येच ठेवायची असा नियम आला. छोट्या माणसानं तेही करायचं, आणि नवी सही म्हणजे पतही पुन्हा नव्यानं कमवायची. शिवाय तो पायथनमध्ये लिहितो आणि पायइन्स्टॉलर वापरून सगळं एका फाइलीत बांधतो. ते फुकटचं साधन व्हायरसवालेही वापरतात. म्हणून आपण बांधणी बघूनच जात ओळखता.

बरं, ही ओळख तरी आपली स्वतःची असते का? 2010 साली कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीनंच एक प्रयोग केला होता. वीस निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यातल्या दहांवर मुद्दाम खोटा आरोप ठेवला आणि सगळ्या व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटीव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या साइटवर, टाकल्या. दहा दिवसांत चौदापर्यंत इतर कंपन्या त्याच फाइलींना गुन्हेगार म्हणू लागल्या. कुणी तपासलं, कुणी पंचनामा केला? एकानं बोट दाखवलं, बाकीच्यांनी मान डोलावली. आमच्या तरुणानं त्या सोमवारी तिथेच आपली फाइल टाकून पाहिली. सत्तरच्या आसपास इंजिनं आहेत तिथे. मूठभर लाल, बाकी हिरवी. प्रत्येक लाल कंपनीचा वेगळा फॉर्म, वेगळं उत्तर, वेगळी वाट पाहणं. आणि पुढचा अपडेट आला की पुन्हा पहिल्यापासून.

आपण मशीन गोगलगाय करून ठेवता, त्याबद्दल आज लिहीत नाही. ऐन टायपिंगमध्ये आपल्या सवलतीच्या जाहिराती येतात, त्याबद्दलही नाही.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यासाठी आपण-बिपण पुरे झालं. अरे, तू काय करून ठेवलंयस ते तुला कळतं का? त्या दिवशी त्या पोरानं प्रत्येक दुकानदाराला फोनवर एकच सांगितलं: "पहले एंटीवायरस बंद कर लो, फिर डालना।" दुसरं सांगणार काय? धंदा अडला होता. आणि चोरीचं सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांच्या सोबतच्या चिठ्ठीत पहिली ओळ कोणती असते? हीच! प्रामाणिक माणूस आणि भामटा, दोघांची सूचना तू एकच करून टाकलीस. आता आमच्या बाजारात कुणीही फोन करून "एंटीवायरस बंद कर लो" म्हणालं तर शेठ विचारणारसुद्धा नाही, लगेच बंद करेल. ही सवय व्हायरसनं नाही लावली. तू लावलीस.

आमच्या किल्ल्याची चढण कधी पाहिलीयस? एकामागून एक दरवाजे. पण 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमची माणसं यातल्या एकाही दरवाजावर गेली नाहीत. वाट चोरट्यांनी दाखवलेली, पायांत कापूस भरलेले जोडे, कड्याला शिड्या. पहारा जागा होईपर्यंत ती आत होती. खरा चोर असा येतो. तो घटस्थापनेच्या दिवशी, दुकानाच्या दारातून, तुपाचे दर घेऊन येत नाही.

तुझ्या घराण्याची बखर मी वाचली आहे. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर मशीन पुन्हा पुन्हा सुरू होत बसली. ऑस्ट्रेलियात कोल्सच्या दुकानांतले गल्ले बंद पडले. म्हणजे दाल बाजार एकटा नाही, एवढाच दिलासा. 4 सप्टेंबर 2022 च्या रविवारी मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरला क्रोममध्ये हाइव्ह नावाचं भूत दिसत राहिलं. पण सगळ्यांत जास्त माझ्या लक्षात राहिलंय ते सोफोसचं. 19 सप्टेंबर 2012 ला त्यानं इतरांच्या अपडेटरांबरोबर स्वतःचाही अपडेटर धरला. चूक सुधारणारा अपडेट निघाला, पण तो आणणारा काही मशीनवर कोठडीत पडलेला. दार उघडणार कोण?

हे वाचून हसू आलं, मग हसू थांबलं. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था सांगते की रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक किंवा नकोशा फाइली त्यांच्या नोंदीत येतात. रोज! त्यातली एक निसटली आणि कुणाचं इस्पितळ बंद पडलं, तर जग तुझ्या नावानं खडे फोडतं. दाल बाजारातला एक बिलिंगचा प्रोग्राम चुकून गेला, तर मीच एकटा ओरडतो. तुझ्या मालकांनी तुला या हिशेबात बसवलंय की पकडण्यात चूक झाली तर चालेल, सोडण्यात होता कामा नये. इतका घाबरवलेला पहारेकरी सावलीवरही भाला फेकणारच. आणि आपल्याच अपडेटरला कोठडीत टाकणारा माणूस रात्री किती दमलेला असेल, याची कल्पना हिशेबनिसाला येते.

म्हणून मालकाला मीच म्हटलं, याची वर्गणी भरा. तो म्हणाला, "मुनीमजी, इसी ने तो मारा था!" म्हटलं, भरा तरी.

आता दिवाळीआधी त्या तरुणाचा पुढचा अपडेट येतोय. आगाऊ वर्दी देऊन ठेवतो. फाइल नवी आहे, सही नाही, पायइन्स्टॉलरनं बांधलेली आहे, जगात तिला कुणी ओळखत नाही. मी ओळखतो. शंका आली तर उचलण्याआधी मला विचार. मी सकाळी दहापासून दुकानातच असतो.

कळावे,
दाल बाजारचा एक हिशेबनीस