फरक किती?

तुमच्या ओळखीत तो असणारच. मुरबाड-शहापूरकडच्या लग्नात तो मांडवात सापडत नाही. मांडवामागे पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली सापडतो. अंगात लग्नाचा पांढरा शर्ट, खिशात शिसपेन्सिलीचं थोटूक, पातळ कागदाची घडी आणि डिझेलनं भिजवलेलं फडकं. आधी वर्षानुवर्षांचं काळं वंगण पुसायचं, मग नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. आरटीओत चेसिस नंबरची छाप घेतात, अगदी तशी. कागदावर आकडे उमटले की ओठ हलू लागतात. वजाबाकी चालू झालेली असते. घरच्या पडवीत उभ्या असलेल्या आपल्या ट्रॅक्टरचा नंबर त्याला मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पाठ. उत्तर घेऊन तो बाहेर येतो तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत उठलेली असते. फरक किती? एकचा आला तर सख्खे भाऊ. दहाच्या आत चुलत. शंभराच्या आत भावकी. त्यापुढचे सगळे गाववाले. रामराम घालायचा आणि पुढे निघायचं.

त्याला येडा ठरवून मोकळं होणं सोपं आहे आणि गावानं ते कधीच उरकलं आहे. पण हे वेड उलगडून पाहिलं तर त्यात त्याचं स्वतःचं असं फार थोडं निघतं. हा हिशेब मुळात म्हशाच्या बाजारातला. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत बैलबाजार भरतो, आणि तिथे आलेला शेतकरी बैल पाहत नसतो, जोड पाहत असतो. उंची, रंग, शिंगांची ठेवण, चाल. मग जबडा उघडून दात मोजायचे: दुदाती, चौदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की तो बैल 'जुळलेला'. घरी एक खोंड तयार असेल तर त्याच्या मापाचा दुसरा मिळेपर्यंत माणसं बाजारामागून बाजार पालथे घालत, आणि मिळाला की उपरण्याखाली बोटं धरून सौदा करत. यात हौस नव्हती. चिखलणीला एक बैल पुढे ओढणारा आणि दुसरा रेंगाळणारा असला की औत वाकडं चालतं, आणि इकडच्या वीतभर खाचरात वाकडं चालायला जागा नसते. नंबरवाला त्याच नजरेनं ट्रॅक्टरचा जबडा उघडतो. दातांच्या जागी आकडे आले, एवढाच बदल.

जाणकार म्हणतील की ही साहेबाकडून आलेली हौस आहे. मला ते पटत नाही. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात 1946 ते 1956 या दहा वर्षांत फर्ग्युसनचे टीई-20 ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक बनले, आणि तिकडचे शौकीन आजही त्यांचे नंबर ताडून पाहतात, हे खरं. पण तिकडच्या माणसाला नंबर हवा असतो तो ट्रॅक्टर कुठल्या सालचा आणि त्यातलं इंजिन मूळचंच का, हे ठरवायला. तो पुरावे जमवतो. आपला माणूस नातेवाईक जमवतो. कारखान्यातून पाठोपाठ बाहेर पडलेले दोन ट्रॅक्टर त्याच्या लेखी पाठचे भाऊ, आणि इंजिन बदललेला ट्रॅक्टर 'दत्तक'. महिंद्रनं 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या जोडीनं ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिच्या बी-275 चं आजोळ कांदिवलीचं, म्हणजे तसं जिल्ह्याच्या वेशीवरचंच. 1959 पासून बनू लागलेला फरिदाबादचा आयशर किंवा पिंजोरचा एचएमटी यांच्याशी सोयरीक होऊ शकते, भावकी नाही. या वेडाला तर्काचं बूडही आहे. लागोपाठच्या नंबरांचे ट्रॅक्टर एकाच मालट्रकातून एकाच डीलरच्या दारात उतरत असणार, तेव्हा भाऊ शोधायचा तर पंजाबात कशाला, शेजारच्या तालुक्यातच शोधायला हवा. पुढच्या चाळीस वर्षांत एक वीटभट्टीवर गेला, एक भंगारात गेला, एक चार मालक फिरून टँकरला जुंपला गेला, ही गोष्ट वेगळी.

आणि नंबराच्या वेडाला हसायचंच असेल तर सुरुवात त्याच्यापासून का करायची? जमिनीच्या मोबदल्यातून आलेल्या नव्या गाडीवर 'दादा' वाचता यावं म्हणून 4141 आणि 'बॉस' वाचता यावं म्हणून 8055 मिळवणाऱ्यांना कोणी येडं म्हणत नाही. त्यांचे फोटो चौकातल्या फलकावर लागतात. पसंतीच्या नंबरासाठी लोक आरटीओत रीतसर पैसे भरतात, आणि 0001 हवा तर ही रक्कम लाखांत जाते. नंबरवाला जुळता ट्रॅक्टर घ्यायला भंगाराच्या भावापेक्षा थोडं वर मोजतो आणि बदल्यात निदान चार चाकं घरी आणतो.

खरा अडचणीचा आक्षेप निराळाच आहे. बैल दोन लागतात. ट्रॅक्टर एकटा ओढतो. मग त्याला जोड कशाला? याला नंबरवाल्याकडे उत्तर नाही, आणि या वेडाची किंमत इतरांना मोजावी लागते हेही नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बाया हंडे घेऊन रांगेत, आणि हा टँकरच्या ट्रॅक्टरखाली उताणा पडून विचारतोय, फरक किती? रांगेला विचाराल तर काही नाही. गेल्या वर्षीही हाच टँकर होता. त्या घटकेला मला तो मुळीच आवडत नाही.

तरीही उत्तर आहे, त्याला देता येत नसलं तरी. जोडीतला एक बैल मेला की मागं उरलेल्याचे हाल असत. मापाचा जोडीदार मिळेना, एकट्याला गिऱ्हाईक मिळेना. दावणीला बांधलेला तो रिकाम्या जागेकडे मान वळवून उभा राही. पुढं ट्रॅक्टर आला, पॉवर टिलर आला, दोन्ही दावणी मोकळ्या झाल्या आणि शेताचं काम काही अडलं नाही. अडली ती फक्त जोड पाहणारी नजर. बापाचं बोट धरून म्हशाच्या बाजारात शिकलेली ही विद्या आता पाहणार काय? म्हणून ती आकडे पाहते. पडवीत दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. त्यातला एक चालू होत नाही आणि ते त्याला चालतं. दिवाळीच्या पाडव्याला गुरं आगीवरून उडवायची इकडची रीत. ट्रॅक्टर उडवता येत नाहीत, म्हणून तो दोघांच्या बॉनेटला गेरूचे हात उमटवतो. फरक सातचा आहे. चुलत आहेत, पण एका दावणीला वाढले.

सरकारदरबारी या नात्याची नोंद होणार नाही. 50 वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी देणारा नियम 2021 साली आला, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. पण तो दुचाक्यांसाठी आणि खाजगी मोटारींसाठी; शेतात राबलेला ट्रॅक्टर त्यात बसत नाही. भंगारवाला किलोवर नेतो, तोही नंबर विचारत नाही. तेव्हा तुमच्या वाड्यामागं आजोबांचा एखादा लाल ट्रॅक्टर टायर बसून पडला असेल, तर काट्यावर चढवण्याआधी पट्टी पुसून नंबर तेवढा उतरवून ठेवा. मुरबाडकडे टोकावड्याच्या बाजूला त्याचा भाऊ उभा असू शकतो.